दीड तासाचं विमान

विमानतळावर सामान देण्याच्या रांगेत एका नर्सबाईंच्या पुढे एक म्हातारी आई आणि तिचा मुलगा उभे होते.

"आई, दीड तासाचं तर विमान. डोळा लागेपर्यंत दादाकडे पोचशील."

"आणि घरापासून इथवर? तिथून त्याच्या घरापर्यंत? ते कोण धरणार?"

"सहा महिन्यांनी परत आणतोच ना तुला."

"आणतो म्हणे! मी काय सामान आहे? या गुडघ्यांनी कितवी खेप ही?"

"हळू गं, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! 'आई, तुला कुठे राहायचंय?' असं एकदा तरी विचारलंत?"

"आम्ही दोघांनी तुझ्या सोयीचंच ठरवलंय."

"माझ्या सोयीचं! इतकं जवळ आहे, तर दादा का येत नाही मला भेटायला?"

"त्याला रजा कुठे मिळते?"

"मग कसलं रे जवळ?"

आईने मुलाच्या हातातली बॅग घेतली, ओढत रांगेबाहेर नेली आणि बाकावर जाऊन बसली. मुलगा मागोमाग आला. पुढची जागा रिकामी झाली, तरी नर्सबाई बाकाकडेच बघत राहिल्या.

"लाव दादाला फोन."

"काय सांगू त्याला?"

"तू काही सांगू नकोस. इकडे दे. माझं मी सांगते."