शंभर वर्षांनंतरची बाई

गोपिका : टायपिंग झालं मॅडम, पन कागद मी देत नाही. आधी सांगा, हे तुमाले कोनं सांगतलं?

उत्तरा : काय कोणी सांगितलं?

गोपिका : आठवा भाग. बाईले कारखान्यात कामावर घ्याच्या आधी तिची गर्भपिशवी काढतेत. म्हन्जे महिन्याची सुट्टी नाही, बाळंतपन नाही.

उत्तरा : अगं, ती कादंबरी आहे. शंभर वर्षांनंतरचं जग. बायकांचं जास्तीत जास्त किती वाईट होऊ शकेल, ते कल्पनेनं लिहिलंय मी.

गोपिका : दुसऱ्या भागात बायकायचं गाव हाय, बायाच सारा कारभार पाह्यतेत, रात्री-बेरात्री एकट्या फिरतेत. थे मले कल्पनेतलं वाटलं. आठवा नाही वाटला.

उत्तरा : मला कळत नाहीये तू काय म्हणतेस.

गोपिका : भिवापूरले माही लहान बहीन हाय, कौसल्या. मिरच्याच्या सातऱ्यावर कामाले जाते, देठ खुडाले. ठेकेदार म्हने, पिशवी काढून ये, मंग बारमाही काम. डाक्टर बी त्यानंच दाखवला. सव्वीस वर्साची होती.

उत्तरा : कधी झालं हे?

गोपिका : तीन वर्सं झाले. घरात मी अन् तिचा नवरा, दोघालेच मालूम. अन् तुमी पुस्तकात छापून राहिल्या.

उत्तरा : शपथेवर सांगते गोपिका, मला कोणी सांगितलं नाही. मी भिवापूरला कधी उतरलेसुद्धा नाही. उलट ते प्रकरण मी काढून टाकणार होते. म्हटलं, लोक म्हणतील, बाईंनी फारच ताणलं.

(गोपिका पाण्याचा पेला पुढे करते. बत्तीस वर्षं कॉलेजात शिकवलेली उत्तरा तो न पिता टेबलावर ठेवते.)

उत्तरा : तिला भेटता येईल मला?

गोपिका : भेटून काय विचारसान?

उत्तरा : माहीत नाही.

गोपिका : इथंच हाय, माह्या घरी. पोट दुखते म्हनून दवाखान्यात दाखवाले आनली. टाईप केलेलं मी मोठ्यानं वाचून पाह्यते, तशी सवय हाय मले. कौसल्या बाजूले बसून आयके. आठवा भाग आला अन् माह्या तोंडाकडे पाहाले लागली. तिले वाटलं, मीच तुमाले सांगतलं.

उत्तरा : तू सांगितलं नाहीस, हे मी सांगते तिला. आत्ता येते तुझ्याबरोबर.

गोपिका : थे मी समजावलं तिले. मंग तिनं विचारलं, पुढं त्या बाईचं काय होते?

उत्तरा : ती मरते. ऑपरेशनच्या टेबलावरच. मीच मारलंय तिला.

गोपिका : हो. थेबी वाचून दाखवलं म्या.

उत्तरा : मग? काय म्हणाली?

गोपिका : म्हने, हे चुकलं त्यायचं. बाई मरत नाही. बाविसाव्या दिवशी कामावर जाते.