लाल रेघ अन् खुशालची चौकट

नाई भाऊ, तो लहान डबा नको, त्याची रेघ खोलीपुरतीच — मले रस्त्याच्या पलीकडे पोचणारी, ओळंबा पाहाची लेझर पाह्यजे. डब्यावरचं इंग्रजी मले वाचता येत नाई, तुम्हीच सांगा किती लांब जाते. पंधरा मीटर? चालते. देवळाची ओसरी ते हरिदास ठेकेदाराचं नवं घर, तेवढंच तर आहे. दिवसा लाल रेघ दिसत नाई म्हणता — ठाऊक आहे, म्हणून तर दिवेलागणीले लावतो. वास्तूचं जेवण आहे त्याच्याकडे, सारं गाव पंगतीत, अन् त्याच्या घराच्या समोरच्या खांबावर ही रेघ उभी. खांब वाकडा आहे भाऊ, मले नुसत्या डोळ्यानं दिसून राह्यला. खाऊ द्या सगळ्यांले वाकड्या खांबाजवळ बसून.

तीन पायाचा स्टँड नको. ओसरीची फरशी डुलते, पोरं धावतात, धक्का बसला का रेघ टिमटिमते — मग तो म्हणन मशीनच खोटी. हा चुंबकवाला द्या, देवळाच्या लोखंडी खांबाले चिकटवतो. हलन काऊन? नाई हलत.

मी कोण? सूरज — खुशालचा लहान भाऊ. हो, तोच खुशाल, शाळेच्या स्लॅबखाली गेला तो. तुमच्या गोदामाची ही चौकट त्याच्याच हातची ना? मग तुमाले काय सांगू. स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या त्यानंच उभ्या केल्या, एकेक बल्ली ओळंबा लावून. स्लॅब ओला होता, तरी हरिदासनं अर्ध्या बल्ल्या काढून कोरपन्याच्या दुसऱ्या कामावर नेल्या — अन् खुशाल आत दार बसवून राह्यला होता. मसणात काय म्हणे हरिदास? साऱ्या गावासमोर — पोराचा हातच वाकडा, बल्ल्या तिरप्या लावल्या. कोणी बोललं काय? कोणी नाई. मी काऊन नाई बोललो? खांद्यावर मडकं होतं भाऊ, पाणी गळून राह्यलं होतं, मडकं घेऊन फिरणाऱ्याले कोण बोलू देते? घरी आलो तं रंभावहिनी विचारते, खरंच का तिरप्या होत्या. बायकोच विचारते त्याची.

काय? पहिले इथीच लावून पाहू? त्या भिंतीवर लावा. चौकटीवर नको. भेव नाई वाटत, भेव कायचं — झोप नाई येत एवढंच, डोळा लागला का हरिदासचंच बोलणं ऐकू येते, अन् कधी वाटते एखादी बल्ली खरंच… चौकटीकडे फिरवू नका म्हटलं ना, भाऊ.

थांबा. हात काढा लेझरवरचा, पडली तं पडू द्या रेघ चौकटीवर.

वर पाहा. बिजागरीपाशी पाहा. आता खाली, उंबऱ्यापर्यंत — रेघ अन् लाकूड, मधात केस नाई जात. दोरीले बांधलेल्या शिशाच्या गोळ्यावर केली त्यानं ही. गोळ्यावर.

नाई, बांधू नका डबा. खांब राहू द्या त्याचा. हरिदास सिमेंट तुमच्याकडूनच नेते ना? लावा फोन, म्हणा माल पाहाले ये. ह्याच चौकटीत उभा करतो त्याले, रंभावहिनीले बोलावतो, अन् म्हणतो — म्हण आता, कोणाचा हात वाकडा. बोलला नाई तं बोलवतो त्याले, दोन हात आहेत मले.

गिऱ्हाईक आहे म्हणून कचरता? नका लावू फोन. सिमेंट संपलं का येईलच तो.

तुम्ही तुमचं काम करा भाऊ. रेघ बंद करू नका. मी बसलो इथी.