गालाला न लागलेले हात

हसू नका, पण गाल भरलेले दिसावेत म्हणून मीबी एकदा इंजेक्शनं घेतली होती. गाल टम्म सुजले. डॉक्टर म्हणले, बर्फ धरा, अन् कुणाचा हात लागू देऊ नका. पण बर्फाला पाणी कुठलं? सोळा सालच्या दुष्काळात लातुरात प्यायलाच नव्हतं. औशाहून आई एसटीनं पाण्याची कॅन घेऊन आली. दारातच नेहमीसारखी गालावरून हात फिरवून दृष्ट काढायला पुढं झाली. मी मागं सरले.

"हात लावू नको, आई."

तिनं हवेतच हात फिरवले अन् आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

सूज कधीच उतरली. परवा औशाला गेले तर मीच गाल पुढं केला. "आता लाव की हात."

"नको माय, तुला दुखंल," म्हणाली, अन् दुरूनच बोटं मोडली. कडाकडा वाजली.