तुरटीची डबी

नाय भाऊ, तिथं उभं राहून काय उपयोग नाय, खिडकी साडेनऊला उघडती, त्याच्याआधी सिस्टर मान वर करून बघत बी नाय — बस इथं बाकावर, मी काय चावत नाय. हे नाकाचं पाणी बघून सर्दी समजू नको, आन जांभया येतायत त्या झोप झाली नाय म्हणून नाय — म्हणजे झोप बी झाली नाय, पण जांभई तिची नाय. डोस कमी केल्याची हाय. तुझा पहिलाच दिवस ना? कळतं, कागद असा दोन्ही हातांनी धरलाय. आन ती झाडाखाली पिशवी घेऊन उभी हाय ती बहीण का? बायको? बरं. सोबत येती, चांगलं हाय. माझी बी यायची, पहिले सहा महिने.

आत काय नसतं, घाबरू नको. सिस्टर इवल्याशा कपात सिरप देती — मेथाडोन, गर्दची पावडर सोडवायचं औषध — ते तिच्यासमोर प्यायचं, वरनं पाणी प्यायचं, आन मंग मोठ्यानं बोलायचं. काय बी बोल, नाव सांग, गाव सांग, पण बोलायचं. का? आरे, लोकं सिरप तोंडात धरून बाहेर नेतात आन विकतात. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाय, बोललास की सुटलास. तुला आज थोडं देतील, मंग इचारतील पाय दुखतात का, व्हय म्हणलास की वाढवतील, दोन दिवसांनी आजून वाढवतील. मी चाळीस एमजीवरनं दहावर आलोय. दहा म्हणजे काय — जीभ वली होती, बस. खरं सांगू का, मघाशी तू गेटातनं आत आलास ना, मला तुझा रागच आला. वळख ना पाळख, पण राग आला, की ह्याची आता चढती सुरू होणार आन मी इथं अंगावर काटा घेऊन बसलोय. माझं असं हाय बघ. मला कोणाचं बघवत नाय. आधी नव्हतं असं — नाय, आधी बी असंल, पावडरीखाली दबून ऱ्हात असंल.

आमचं सलून हाय मुकुंदवाडीत, स्टेशनच्या रोडला. दोन खुर्च्या. एक माझी, एक वासिफची — वासिफ म्हणजे पार्टनर, भावासारखा, आता भावासारखा म्हणताना बी जीभ अडखळती ती सोड. पावडर दोघांनी एकाच पन्नीवर सुरू केली, आन हितं कागद बी दोघांनी एकाच दिवशी काढला. त्याचा नंबर तेवीस, माझा चोवीस. त्यानं डोस कमी करायला चौदा महिने लावले. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीतनं माणूस कसा उतरतो, एक हात भिंतीला लावून, तसा उतरला. मी हसायचो त्याला. आन तीन महिन्यांमागं त्याचा शेवटचा डोस झाला — ह्याच खिडकीशी. रोज पिऊन झालं की तो म्हणायचा, "उद्या येतो सिस्टर." त्या दिवशी म्हणला, "उद्या येत नाय." सगळ्या लायनीनं टाळ्या वाजवल्या. सिस्टरनी बी. मी नाय वाजवल्या. मी खाली वाकून चपलेचा पट्टा बघत बसलो, पट्ट्याला काय बी झालं नव्हतं.

मंग मी डॉक्टरला म्हणलो मला बी उतरवा, लवकर उतरवा. ते म्हणले हळू, गोकुळ, घाई नको. दर खेपेला इचारायचे झोप कशी, पाय कसे, पोट कसं — आन मी म्हणायचो मस्त, एकदम मस्त. रात रात पाय भिंतीला लाथा मारायचे, मंजुषा — बायको माझी — पोराला घेऊन खाली चटईवर झोपायची, आन मी हितं म्हणायचो मस्त. त्यांनी खरं धरलं. त्यांचा काय दोष, मी तोंडावर हसत होतो. मला फक्त एवढंच होतं की वासिफला चौदा महिने लागले तर मला चार लागले पायजेत. आन झालं काय? हा हात बघ. धर, धर, हातावर हात ठेव. जाणवतंय ना? ह्या हातात वस्तरा. साहेबराव म्हणून एक रिटायर मास्तर हाय, नऊ वर्षं माझ्याच खुर्चीत बसायचे. आता पेपर वाचत बाकावर बसून ऱ्हातात, माझी खुर्ची मोकळी आन ते वासिफची मोकळी व्हायची वाट बघतात. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पण ते बी मी सोसलं असतं. मास्तरचं काय एवढं. आमचा शिवम आता अकरा महिन्यांचा हाय, वर्षाच्या आत जावळ काढायचं, येत्या रविवारी ठरलंय, मामा येणार सोयगाववरनं, पोरगं त्याच्या मांडीवर बसणार. आमच्या घरात जावळ घरच्याच हातानं निघतं — माझं माझ्या बापानं काढलं, त्याचं त्याच्या बापानं. आन मंजुषा मागच्या आठवड्यात भाकरी थापता थापता म्हणली, वासिफभाईला सांगू का म्हणून. तोंड वर बी नाय केलं. पोराची टाळू अजून मऊ हाय, म्हणली. बस, एवढंच म्हणली. तिचं बरोबर हाय. हात बघितलास ना तू.

आन पुढं ऐक. ती खरंच गेली त्याच्याकडं. मी मागं टॉवेल वाळत घालत होतो, पडद्याआड. तो काय म्हणला माहिती? म्हणला, "भाभी, तो हक गोकुळचा हाय. महिनाभर थांबा, त्याचा हात थांबंल." बघ आता. गिऱ्हाईक त्याचं, हात त्याचा, आन चांगुलपणा बी त्याचाच. नको म्हणून बी मोठा झाला तो. आन मंजुषाच्या डोळ्यात पाणी — माझ्यासाठी कधी आलं नाय एवढं, का आलं असंल, मी शुद्धीत नसंल. व्हय म्हणला असता ना तो, तर मी एवढा जळलो नसतो. तिथं टॉवेल हातात घेऊन मी ठरवलं की ह्याला खाली आणायचा.

काय ठरवलं? काय नाय, असंच. बोलण्यात येतं माणसाच्या.

— असा बघू नको. सांगतो. बायकोकडं बघू नको, तिला ऐकू जात नाय तिथवर. पावडरीची एक पुडी आणली. जुन्या माणसाकडनं, कुठनं ते इचारू नको, तुझ्या कामाचं नाय ते. पाच दिवस खिशात ठेवली. आन भाऊ, मी तिला हात लावला नाय, पोराची शपथ — पाय वळत होते, पोट चालू होतं, आन पुडी खिशात, तरी नाय. कारण ती माझी नव्हतीच. वासिफची होती. परवा रविवारी दुकान वाढवताना त्याच्या तुरटीच्या डबीत ठेवली, तुरटीच्या खाली. दाढी झाली की तो तुरटी फिरवतो, पहिल्या गिऱ्हाइकाला डबी उघडणार म्हणजे उघडणार. सोमवारी सलून बंद असतं. एक चावी माझ्याकडं बी असती, काल आख्खा दिवस खिशात होती. दोनदा गेलो शटरसमोरनं. एकदा तर कुलपाला हात लावला, आन समोरनं कोण तरी म्हणलं, काय गोकुळ, आज सुट्टी ना — तर म्हणलं व्हय, सुट्टी, आन आलो मागं. आज मंगळवार. दहाला तो शटर उचलतो, एक मिनिट इकडं नाय की तिकडं.

किती वाजले? नऊ पंचवीस. हं.

फोन? कोणाला, त्याला? काय सांगू फोनवर — डबीत हाय, बघू नको? आरे, तिथं हाय एवढं नुसतं कानावर पडलं तरी हात जाईल. माझा गेला असता. तीन महिने म्हणजे काय असतं, तुला आत्ता नाय कळायचं. आन घेतली तर काय व्हईल, सांगू? परत हितं येईल. तुझ्या मागं उभा राहील कागद घेऊन, आन त्याला परत चढता डोस मिळंल, आन मी दहावर. मंजुषा डबा करून पाठवील त्याला. मास्तर भेटायला येतील. बघ, मी काल रातभर हेच बघत होतो डोळ्यांसमोर — तो पडला तरी माझ्याच वर. पडला तरी सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडं.

आन जावळ कोण काढणार? हे मला सुचलंच नाय बघ, आईशप्पथ, पुडी आणली, ठेवली, कुलूप लावलं, आन हे सुचलं नाय. माझा हात असा. त्याचा बी असाच झाला तर माझ्या पोराच्या डोक्याला ह्या गावात हात कोण लावणार? आन तो — तीन महिन्यांनी घेतो ना माणूस, जुन्या अंदाजानं घेतो. पैल्यासारखी. अंगाला तेवढी सवय ऱ्हात नाय. आमच्या रोडवरचा सर्जेराव तसाच गेला, सहा महिने सुधारून. खुर्चीतच जाईल वासिफ, माझ्यासमोर, गळ्यात कपडा बांधलेलं गिऱ्हाईक बसलेलं.

खिडकी उघडली बघ. जा, पुढं हो. नाय, मी नाय थांबत, दहाच्या आत दुकानात डबी गाठायची. रिक्षानं पाऊण तास नाय, अर्धा तास, रिकामा रस्ता मिळाला तर पंचवीस मिनिटं. साडेदहाला हे बंद करतात, परत यायला नाय जमायचं. आजचा दिवस कोरडाच. पुडी माझ्या हातात येणार, व्हय, ते मला बी कळतंय, दहा बी पोटात नाय आन पुडी हातात. गटारीत टाकीन. टाकीन म्हणलं ना. तू असा बघत राहू नको.

माझा नंबर पुकारतील — चोवीस, गोकुळ. सिस्टरला सांग, दुकान उघडाया गेला. आन तू पिऊन झाल्यावर पाणी पी, आन मोठ्यानं बोल. जा आता, लायन मोडंल.