आप्पांचा पाय ब्रेकवर

जीपच्या इंजिनाची पुली घरी काढायची असली, तर ब्रेकवर आमच्या आप्पांना तेवढं बसवू नका. आप्पा म्हणजे माझे वडील; जळकोटला मी त्यांना बसवलं होतं. गाडी टॉप गिअरमध्ये, ब्रेक दाबलेला, म्हणजे इंजिन फिरणार न्हाई. पुढून मी बोल्टला पाना अन् पान्याला लांब पाइप लावून लोंबकळलेलो.

“आप्पा, काही झालं तरी पाय काढू नका!”

“हाव रे, किती येळा सांगतूस?”

तेवढ्यात आमचे गुरू जंगमस्वामी आले. स्वामी दिसले की आप्पा बसून राहतच न्हाईत. उतरले, पाया पडले. ब्रेक सुटला, माझ्या जोरानं जीप मागं सरकली, पाइप निसटून माझा कान घासून गेला.

आप्पांनी धावत येऊन कान बघितला. म्हणाले, “स्वामी येळेवर आले म्हणून वाचलास!”