कुलूप न तोडता उघडलेल्या दाराबद्दल

जबाब देणारी: स्त्री, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी, इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम तपासण्याचं काम, राहणार सासूबाईंच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत, तिसरा मजला.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात आले आहे, मला कुणी बोलावलेलं नाही. समोर बसून सांगते की, काल दुपारी माझ्या सासूबाईंच्या घरी चोरी झाली. त्या चोरीच्या संशयावरून आपण ज्या बाईंना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आहे, त्यांनी ती केलेली नाही आणि कुणाकडून करवलेलीही नाही. दार कशाने उघडलं ते मला माहीत आहे. ते लिहून घ्या आणि त्यांना घरी जाऊ द्या, एवढ्यासाठी मी आले आहे.

सासूबाई, वय ७९, स्वतःच्या घरात राहतात, कारण आमच्याकडे त्यांना करमत नाही. मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरून त्यांचा खुबा मोडला. त्यांच्याजवळ दिवसभर मावशी असतात. मावशी म्हणजे बाकावर बसवलेल्या त्याच बाई. त्या सासूबाईंना अंघोळ घालतात, नखं कापतात, चालायला लावतात, आणि पत्त्यांत हरवतात म्हणून शिव्याही खातात. सहा वर्षं झाली. आम्ही दोन मुलं आणि दोन सुना मिळून जेवढं केलं नाही, तेवढं या एका बाईने केलं आहे.

सासूबाईंना दारापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून मी आमच्या कंपनीचं कुलूप तिथे बसवलं. चार आकडे दाबले की ते उघडतं. आकडे मला, माझ्या नवऱ्याला, धाकट्या दिरांना आणि मावशींना माहीत आहेत.

काल दुपारी मावशी सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून खाली बागेत घेऊन गेल्या. रोज नेतात. परत आल्या तेव्हा दार नीट बंद होतं, कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता, पण आतलं कपाट सताड उघडं होतं. सोन्याच्या बांगड्या आणि सासऱ्यांचं मनगटी घड्याळ गेलं होतं. मावशींनीच दिरांना फोन केला. दीर आले आणि म्हणाले, "कुलूप तुटलेलं नाही, म्हणजे आकडे माहीत असलेल्यानेच हे केलं. आपण तर घरातले. मग राहिलं कोण?" त्यांचं म्हणणं असं की मावशींनी आकडे कुणाला तरी दिले आणि सासूबाईंना मुद्दाम खाली नेलं. त्यांनी मावशींची पिशवी आईच्या पलंगावर पालथी केली. त्यातून कंगवा, टॉवेल, गोळ्यांचं पाकीट आणि सासूबाईंच्या मापाचा अर्धा विणलेला पायमोजा निघाला. सासूबाई ओरडत होत्या, "अरे, डोकं फिरलंय का तुझं?" मावशी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, बघून झालं असेल तर पिशवी भरून द्या."

मी तेव्हा ऑफिसात होते. घरी असते तर पिशवीला हात लावायची कुणाची छाती झाली नसती. आपल्या शिपायांनीही पुढे काही विचारलं नाही, दिरांनी बोट दाखवलं तिला उचललं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

साहेबांनी मला शांत व्हायला आणि घरगुती बाबी सोडून मुद्द्यावर यायला सांगितलं. मी शांत नाही, मी चिडले आहे, तसंच लिहा. आता मुद्दा सांगते.

कुलूप आकड्यांनी उघडतं हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता कंपनीकडे असतो. एखादं गिऱ्हाईक आकडे विसरलं, तर त्याला दार उघडून देण्यासाठी एक मुख्य किल्ली आहे. ही किल्ली म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ. ती ज्याच्या हाती लागेल, त्याला आमच्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं दार कुठूनही उघडता येतं, त्याचा पत्ता दिसतो, आणि घराला बाहेरून कुलूप लागलंय का हेही दिसतं. म्हणून ही ओळ प्रोग्रॅममध्ये कधीच लिहायची नसते, वेगळी बंदोबस्तात ठेवायची असते. प्रोग्रॅम दहा जण वाचतात, त्याच्या नकला होतात, कधी तो सगळ्यांसाठी इंटरनेटवरही ठेवला जातो. तरी घाईघाईत लोक ती लिहून मोकळे होतात, घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी तशी.

हे पकडणं हेच माझं काम. त्यासाठी मी एक तपासणी तयार केली आहे. कुणाच्याही प्रोग्रॅममध्ये पासवर्ड किंवा किल्ली दिसली की ती तो प्रोग्रॅम तिथेच अडवते. ऑफिसात तिला 'सासू' म्हणतात, कारण ती सगळ्यांना अडवते आणि सगळ्यांना नावं ठेवते. मी हे खऱ्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तिचंच बरोबर असणार."

मागच्या महिन्यात एक प्रदर्शन होतं. आमचे मालक एके काळी स्वतः प्रोग्रॅम लिहायचे, ती हौस अजून गेलेली नाही. आमची कुलपं जोडणं किती सोपं आहे हे दुकानदारांना दाखवायला त्यांनी एक नमुना प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात मुख्य किल्ली जशीच्या तशी चिकटवली. सासूने तो अडवला. मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तुझ्या सासूला दोन दिवस माहेरी पाठव." सगळे हसले. मी म्हटलं, "सर, तेवढी किल्ली काढा, तपासणी आपोआप सोडेल." ते म्हणाले, "इथे मालक कोण आहे?" मी तपासणी बंद करायला नकार दिला, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या हाताने बंद केली आणि नमुना इंटरनेटवर ठेवला. तपासणी पुन्हा चालू करायचा अधिकारही माझ्याकडून काढून घेतला. सासू माहेरून परत आलीच नाही.

प्रदर्शन संपल्यावरही तो नमुना किल्लीसकट इंटरनेटवर तसाच असल्याचं माझ्या पाहण्यात आलं. मी त्याच मिनिटाला मालकांना सांगितलं, सगळ्यांदेखत सांगितलं. त्यांनी किल्लीची ओळ खोडली आणि म्हणाले, "झालं. मिटलं." अहो, मिटत नाही ते! आमच्या धंद्यात प्रत्येक बदलाआधीची प्रत तशीच जपून राहते. ओळ आज खोडली तरी कालचं पान तिथेच असतं, कुणालाही उघडून वाचता येतं. अशा सांडलेल्या किल्ल्या दिवसरात्र हुंगत फिरणारे प्रोग्रॅम चोरांकडेही असतात. म्हणून नियम एकच आहे: किल्ली बाहेर गेली की आधी ती बदला, चूक कुणाची ते मागाहून बघा. पण मुख्य किल्ली बदलायची तर घरोघर माणूस पाठवून कुलपं नव्याने जोडावी लागतात, आणि प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, का हो, काय झालं? मालक म्हणाले, "लोकांना उगाच कशाला घाबरवायचं?" बैल गेल्यावर लोक निदान झोपा तरी करतात. आमच्या मालकांना बैल गेला हेच कबूल करायचं नव्हतं.

काल संध्याकाळी मी सासूबाईंच्या कुलपाची नोंद काढून पाहिली. त्या दोघी बागेत असताना ते दार एकदाच उघडलं आहे. आकड्यांनी नाही, मुख्य किल्लीने, आणि आमच्या ऑफिसातून नाही. मी ती नोंद मालकांपुढे ठेवली. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाले, "ती बाई आहे ना ताब्यात? मग आपण कशाला मध्ये पडायचं?" तो ग्लास त्यांच्या डोक्यावर ओतायची इच्छा मी आवरली. हे वाक्य गाळू का असं साहेबांनी विचारलं. गाळू नका.

आज सकाळी मालकांचा निरोप आला, "जबाब दिलास तर उद्यापासून येऊ नकोस." मी उलट कळवलं, उद्यापर्यंत कशाला थांबू, आजच येत नाही. नोंदीची प्रत या जबाबासोबत देत आहे.

साहेबांनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला. मालकांनी सांगितलं की किल्ली केव्हाच काढून टाकली आहे, कुलपं शंभर टक्के सुरक्षित आहेत, आणि मी पगारवाढीवरून नाराज आहे. फोन ठेवून साहेब मला म्हणाले, "बाई, नोंद तुम्हीच आणलेली, बोलताय तुम्हीच. हे सगळं बाहेरच्या माणसाला जमतं हे मी कशावरून मानू?"

मी म्हटलं, करून बघा. सासूबाईंचं कुलूप माझ्या नावावर आहे, तेव्हा त्याला परवानगी माझी. घरी आज माझा नवरा रजा टाकून आईजवळ बसला आहे. त्याला फोन करून स्पीकर चालू ठेवायला सांगितलं. ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर आपले हवालदार बसले. मी भिंतीला टेकून उभी होते, कीबोर्डला हात लावला नाही. मी सांगत गेले आणि त्यांनी मालकांचा नमुना उघडला, आजचा नाही, खोडण्याआधीचा. किल्ली तिथेच होती. ती त्यांनी नमुन्यात परत चिकटवली आणि पत्त्यांमधून सासूबाईंचं घर निवडलं. हवालदारांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "दाबा."

फोनमधून कुलपाची मोटर फिरल्याचा आवाज आला आणि दार उघडल्याचा. लगेच आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "आलीस का गं? किती वेळ लावलास! मला वाटलं, रागावून गेलीस. इकडे ये आधी."

ठाण्यातल्या खोलीचं दार लोटलेलं नव्हतं, त्यामुळे बाहेर बाकावर तो आवाज गेला होता. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि तिथूनच मोठ्याने म्हणाल्या, "नाही हो आई, रागावले नाही. येते." शिपायाने त्यांना हात धरून खाली बसवलं. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप आला, स्वतःच्या घरातल्या माणसांचासुद्धा.

साहेबांनी शिपायाला हात सोडायला सांगितलं. मावशींना सोडत असल्याचं त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. किल्ली आज, आत्ता बदलून घेण्याबद्दल मालकांना ठाण्यात बोलावलं आहे. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची दारं हा जबाब लिहीत असताना उघडीच आहेत, हे मी पुन्हा सांगते.

माझा जबाब मला वाचून दाखवला. मावशींना 'गैरसमजातून' आणण्यात आलं, असं त्यात होतं. तो शब्द मी खोडायला लावला. तिथे 'काहीही न तपासता' असं लिहिल्यावर पुन्हा वाचून घेतला. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.