तीनातला चांगला आकडा

हॅलो?… हो ताई, मीच बोलतेय. बोला ना… आवाजाचं सोडा, धाकटीला दात येतायत, तीन दिवस नुसती कडेवर आहे… हो, सासूबाई व्यायामाला कधीच्या तयार. ऑपरेशनला आज अकरावा दिवस, आज जिना चढवून बघू म्हणाला होतात ना? सातपासून वेणी घालून बसल्यात. ह्या आठवड्यात आपल्या पायावर हिंडायला लागायचंच, असं धरलंय त्यांनी. सोमवारी माझी रजा संपते ना…

हो, हो, वही इथंच आहे. थांबा, हिला खाली ठेवते… हं. ताप नाही. बीपी एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. ऑक्सिजन शहाण्णव. नाडी अठ्ठ्याण्णव… काल पंच्याण्णव होती. परवा एक्क्याण्णव… हो, चढतेय खरी.

नाश्ता अर्धा टाकला. झोप छान लागली म्हणतात, पण पलंग तासातासाला करकरत होता… मला कळणारच, मी तरी कुठं झोपलेली असते.

अं?… बसूनच घेतली. शांतपणे… एकदाच नाही, तीनदा… नाही, सरासरी नाही… ताई, रागावू नका. तीनदा घ्यायची आणि त्यातला चांगला आकडा लिहायचा, असं आई सांगतात… हो, रोजच. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी, वही म्हटलं की त्यांना निकालच दिसतो. पहिला आकडा म्हणे घाबरून येतो, तो धरायचा नाही… बरोबर आहे तुमचं. मला कळायला हवं होतं, एवढी शिकलेय. पण सकाळी सकाळी वाद घालायचं त्राण नसतं हो.

बाकीचे आकडे?… आहेत. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिते, त्यांच्या नकळत. मन मानत नव्हतं… आजचे? नाडी एकशे बारा, मग एकशे नऊ, मग ते अठ्ठ्याण्णव. ऑक्सिजन त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, मग ते शहाण्णव.

आत्ता परत घेऊ?… बरं. आई, बोट द्या जरा. व्यायामाच्या ताई आहेत फोनवर… अहो, नाही म्हणाल्या नाहीत अजून, विचारतायत फक्त. हात सैल सोडा. बोलू नका मध्ये… ताई, एकशे चौदा. ऑक्सिजन ब्याण्णव… नाही, बोट गार नाही, नखाला रंगबिंग काही नाही… आई, दुसऱ्यांदा नाही घेणार मी. सांगून टाकला.

पोटऱ्या?… शिलाईची टेप आहे. दोन्हीकडे एकाच जागी, हो… गुडघ्याखाली चार बोटं. ए बाळा, ती टेप खायची नाही, सोड… ऑपरेशनच्या पायाची अडतीस सेंटीमीटर. दुसरी… चौतीस. परत मोजते… चौतीसच… हो, गरम लागतेय. परवा पायमोजा काढताना वळ खोल उमटलेला दिसला होता मला. म्हटलं, ऑपरेशनचाच पाय, सूज असणारच. विचारायला हवं होतं ना मी?… चोळली? हो, काल ह्यांनी तेल लावून… चांगली पंधरा मिनिटं. आई, ऐकू नका तुम्ही, हिच्याकडे बघा जरा.

रक्ताची गुठळी?… म्हणजे ती वर फुप्फुसात… हं. हं… तुम्ही येणार नाही आज. कळलं… नाही, उठवत नाही. पाय खाली सोडू द्यायचे नाहीत, चोळायचं नाही. पाठीला उशा. आधी रुग्णवाहिका, मग सर्जनना फोन… वही बरोबर नेते. शेवटचं पान दाखवते, हो.

आई, नाही, बसून राहा. जिना नाही आज… उद्याचंही नाही… सोमवारचं मी बघते, वाढवून घेईन रजा. माझी रजा आहे, तुम्ही कशाला तिच्यामागे लागलाय… काय विचारू, ताई? आई, छातीत काही होतंय का?… मान हलवू नका नुसती. मी काही लिहीत नाहीये. खरं सांगा.

ताई… टोचतंय म्हणतायत. श्वास घेताना, उजव्या बाजूला… कधीपासून, आई?… पहाटेपासून… मग हाक का नाही मारली?…

ताई, त्या म्हणतायत, तेवढ्यातच तुझा जरा डोळा लागला होता, म्हणून…

हो. हो, ठेवते. लावते फोन.